काळा पडलेला चांदीचा रुपया: काय धुवावं, काय तसंच ठेवावं

चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेला आणि आपल्या भागातल्या घराघरांतल्या ट्रंका उघडल्या. आजीच्या लुगड्याच्या घडीतून, कपाटाच्या चोरकप्प्यातून, लक्ष्मीपूजनाच्या तबकातून राणीछाप आणि राजाछाप रुपये बाहेर आले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही सराफाच्या दुकानात थोडा वेळ बसा, रुमालाच्या गाठीत रुपये बांधून आणलेलं गिऱ्हाईक दिसणारच. बऱ्याच वेळा ते रुपये घरीच रगडून आणलेले असतात. "काळे झाले होते हो, चिंच लावून लख्ख केले." सराफ ते बोटांत एकदा फिरवतो, काट्यावर टाकतो आणि चांदीचा भाव सांगतो. नाण्याचा भाव त्याच्या तोंडून निघत नाही.

हे दोन भाव वेगळे आहेत, इथून सुरुवात करू. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी एकसारखा कलदार, म्हणजे यंत्रावरचा, रुपया पाडायला सुरुवात केली. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी शेकडा ९१.७. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांतही हेच प्रमाण राहिलं. हिशेब केला तर एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. चांदी किलोला एक लाख धरली तर हजार-सत्तरच्या आसपास. हा झाला तळ. या तळाच्या वर जे काही मिळतं ते साल, टांकसाळ आणि नाण्याचा पृष्ठभाग बघून मिळतं. साल आणि टांकसाळ आपल्या हातात नाही. पृष्ठभाग आहे, आणि नेमका तोच आपण घासून टाकतो.

चांदी काळी का पडते?

लोखंड गंजतं तशी चांदी गंजत नाही. साध्या हवेतल्या प्राणवायूचं चांदीला फारसं काही वाटत नाही. तिचं वाकडं आहे ते गंधकाशी. हवेत गंधक असलेला वायू अगदी नावापुरता जरी असला तरी तो चांदीच्या वरच्या थराशी जुळतो आणि सिल्व्हर सल्फाइड नावाचा काळपट पदार्थ तयार होतो. हे गंधक येतं कुठून? अंड्यातून, लोकरीच्या कपड्यांतून, रबरबँडमधून, धुरातून, काही पुठ्ठ्यांतून. दमट हवेत हे काम लवकर होतं. त्यामुळे जांबोटी-कणकुंबीच्या पावसात राहिलेला रुपया आणि अथणीकडच्या कोरड्या हवेतला रुपया सारखाच काळा व्हावा, असं नाही.

हा थर आधी इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारा उजेड एकमेकांत मिसळून रंग दिसतात. आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा-निळा, आणि थर जाड झाला की करडा-काळा. संग्राहक याला टोनिंग म्हणतात. कडेने निळसर झाक आणि मधे सोनेरी छटा असलेला रुपया पाहिला की नवखा माणूस म्हणतो, डाग पडलेत. जाणकार त्याच रुपयाला जास्त पैसे मोजतो, कारण ती झाक बहुधा वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्याची साक्ष असते.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करायची: मळ वेगळा आणि काळेपणा वेगळा. मळ बाहेरून येऊन बसलेला असतो. काळेपणा ही नाण्याचीच चांदी आहे, फक्त रूप बदललेली. मळ काढता येतो. काळेपणा काढायचा म्हणजे नाण्याची वरची कातडी काढायची.

पण थोडी कातडी गेली तर बिघडलं काय?

बिघडतं, आणि ते समजायला रुपया पाडताना काय होतं ते बघावं लागेल. टांकसाळीत चांदीची चकती दोन ठशांच्या मधे सापडून जोरात दाबली जाते. त्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि सरकताना पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उठतात, मधून बाहेर जाणाऱ्या. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पण कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की उजेडाचा एक पट्टा त्याच्यावरून गोल फिरतो, तो या रेषांमुळे. नांगरलेल्या रानात तासं एका बाजूने पडलेली असतात तोवर सकाळचं ऊन त्यांच्यावरून कसं सरकत जातं ते आठवा. त्याच रानात गुरं आडवीतिडवी फिरली की माती तीच राहते, पण तो सरकणारा उजेड जातो. नाण्याचंही तसंच. राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यांतलं काहीही घेऊन घासलं की त्या रेषा कापल्या जातात आणि त्यांच्या जागी आपल्या हाताच्या दिशेने नवे चरे येतात.

दहापट मोठं दाखवणारं भिंग सराफाकडे असतंच. त्यातून राणीचा गाल बघा. न घासलेल्या रुपयावर गालाच्या उंचवट्यावर झीज दिसेल, पण ती मऊ, सगळीकडून सारखी, शेकडो खिशांतून फिरल्याची. घासलेल्या रुपयावर गालावरून, नाकावरून, मागच्या मोकळ्या जागेवरून एकाच दिशेने गेलेले केसासारखे चरे दिसतील, आणि अक्षरांच्या बेचक्यांत मात्र काळं तसंच अडकलेलं. चमक आहे, पण ती स्टीलच्या चमच्याची. पाहणाऱ्याला एका नजरेत कळतं.

एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या अमेरिकन कंपन्या नाणी तपासून, प्रत ठरवून सीलबंद डबीत देतात. तिथे अशा नाण्याला नेहमीची प्रत मिळत नाही. अस्सल आहे, पण साफ केलेलं आहे, असा शेरा पडतो. हा शेरा पुन्हा पुसता येत नाही.

याहून वाईट म्हणजे खुणा जातात. १८६२ च्या रुपयाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ते साल पुढे बरीच वर्षं रुपयावर तसंच छापलं जात राहिलं, आणि मुंबई टांकसाळीने त्या वर्षांतली नाणी ओळखू यावीत म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके घातले. कुठे एक, कुठे दोन, वर किती नि खाली किती यावर प्रकार ठरतो आणि काही प्रकार फार कमी सापडतात. आता हे ठिपके एखाद्याला मळाचे कण वाटले आणि त्याने टाचणीने टोकरले तर? पाचव्या जॉर्जच्या रुपयावरही मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे तळाच्या फुलाशी असलेला एक एवढासा ठिपका. त्याच राजाच्या १९११ च्या रुपयावर झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. तो हत्ती ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही. चार वेळा राखेने घासला की डुक्करही राहत नाही.

सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइल वापरलं तर घासावं लागत नाही ना?

हा प्रश्न हमखास येतो, कारण व्हिडिओत ते जादूसारखं दिसतं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा, तळाला फॉइल, त्यावर नाणं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि नाणं पांढरं होतं. यात खोटं काही नाही. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा जास्त चपळ धातू, म्हणून तो गंधक सोडवून घेतो आणि सिल्व्हर सल्फाइडची पुन्हा चांदी होते. वास येतो तो त्या सुटलेल्या गंधकाच्या वायूचा.

पण परत आलेली ही चांदी पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. ती सच्छिद्र, पिठूळ थर होऊन बसते. म्हणून नाणं पांढरं दिसतं तरी निर्जीव दिसतं, आणि ते पुढे लवकर काळवंडतंही. ताम्हण, पेला, निरांजन यांच्यासाठी ही युक्ती बरी आहे, पावडरीने घासण्यापेक्षा नक्कीच बरी. नाण्यासाठी नाही.

बाटलीत मिळणारं चांदी उजळायचं द्रावण, ज्यात बुडवून लगेच काढायचं असतं, ते त्याहून कडक. त्यात साधारणपणे थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते काळा थर विरघळवून टाकतं, म्हणजे त्या थरात अडकलेली चांदीही बाटलीत राहते. एकदा बुडवलं तर थोडं, दोन-तीनदा बुडवलं तर रेषा सपाट. थायोयुरिया प्रकृतीलाही चांगलं नाही, स्वयंपाकघरात तर नकोच. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांची आम्लं मिश्रणातल्या तांब्यावर आधी काम करतात आणि कधीकधी नाण्यावर गुलाबी-तांबूस झाक सोडून जातात.

मग करायचं तरी काय?

बहुतेक वेळा, काहीच नाही. हे उत्तर कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे. पण तेलकट मळ, टेपचा डिंक, हळद, प्लास्टिकच्या पाकिटाचा चिकट हिरवा थर, यातलं काही असेल तर ते काढायलाच हवं, आणि ते न घासता निघतं.

त्यासाठी लागतं शुद्ध ॲसिटोन. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात सुगंध, रंग आणि तेल घातलेलं असतं आणि ते नाण्यावर बसतं. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, फक्त तेल, डिंक आणि प्लास्टिकचा अंश विरघळवतो. मात्र तो पेट्रोलसारखा भडकतो, म्हणून देव्हारा, गॅस, अगरबत्ती यांच्यापासून दूर, अंगणात किंवा गच्चीवर काम करायचं.

काचेची वाटी घ्या, प्लास्टिकची नको. तळाला सुती कापडाचा तुकडा टाकला तर नाणं काचेवर घासत नाही. नाणं कडेने धरून आत ठेवा, बुडेल इतका ॲसिटोन ओता, वर काचेचं झाकण ठेवा. अर्ध्या तासाने कडेनेच पलटा. मळ जुना असेल तर रात्रभर राहू दे. ॲसिटोन पिवळट झाला की तो बाजूला काढा आणि ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवा. ही दुसरी आंघोळ चुकवू नका, नाहीतर विरघळलेला मळच वाळून सगळ्या नाण्यावर पसरतो. मग बाहेर काढून कापडावर ठेवा. पुसायचं नाही. ॲसिटोन आपणहून उडून जातो.

हळद-कुंकवाचं इथे खास सांगतो. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं पाण्याने धुवूनही पूजेच्या रुपयाच्या अक्षरांत तो टिकतो. ॲसिटोनमध्ये तो सुटतो. वाटीत पिवळा धूर उठल्यासारखा दिसतो आणि बघता बघता बेचक्या मोकळ्या होतात.

पाण्यात विरघळणारा मळ, म्हणजे घाम, पंचामृताची साखर, धूळ, यासाठी डिस्टिल्ड पाणी. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी म्हणून मिळतं ते. मागताना आम्ल नव्हे, पाणी, असं स्पष्ट सांगा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात क्षार, दोन्ही चांदीवर डाग ठेवतात. एक-दोन दिवस भिजत ठेवा, पाणी बदला, आणि शेवटी ॲसिटोनमधून एकदा काढा म्हणजे फटींतलं पाणी राहत नाही. माती सुटत नसेल तर आणखी भिजवा. ब्रशचा मोह आवरा.

एवढं करून नाणं काळंच राहील. ते तसंच राहायला हवं.

आमचा सोनार रिठ्याने अगदी हळू करून देतो, ते चालेल?

शहापुरातल्या एका पेढीवर ऐकलेलं संभाषण आहे. एक बाई म्हणाल्या, "अण्णा, घासून द्या की हो, पैंजणासारखं करून द्या." अण्णा म्हणाले, "देतो की वहिनी. पण पैंजण परत घालता येतं. हे घासलं की नंतर मोडीतच येणार बघा."

रिठ्याचं पाणी सौम्य असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोनाराच्या हाताला सवय दागिन्याची. रिठ्याबरोबर ब्रश येतो, ब्रशनंतर पॉलिशचं चाक. दागिना चकाकला पाहिजे, हा त्याचा धंदा आहे, त्यात त्याची चूक काही नाही. तापवून आम्लात उजळणं तर नाण्याला अजिबात सोसत नाही.

गळ्यात घालायला कधीकाळी कडी डाकलेले रुपये आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती कडी काढून नाणं पूर्ववत करा, असा आग्रह धरू नका. डाक काढायला पुन्हा ज्योत लावावी लागते, कड विरघळते, आणि मागे जो पॅच राहतो तो कडीपेक्षा वाईट दिसतो. शिवाय तो कुणाच्या तरी माळेतला रुपया होता, हाही त्याचा इतिहास आहेच.

देव्हाऱ्यातला रुपया काळा ठेवायचा?

नाही. देवाचा टाक, पूजेचा रुपया यांना संग्रहाचे नियम लावायचं कारण नाही. ज्यावर वर्षानुवर्षं अभिषेक होतो ते नाणं पूजेची वस्तू झालेलं असतं, ते तुमच्या घरच्या रीतीने धुवा, उजळा. फक्त आधी एकदा साल बघा. झिजलेला, नेहमी सापडणारा रुपया असेल तर तो पूजेला राहू द्या. ठशीव, कोऱ्यासारखा निघाला तर तो बाजूला काढून त्याच्या जागी दुसरा ठेवा. लक्ष्मीला हरकत असायचं कारण दिसत नाही.

हिरवे डाग आणि मातीतलं नाणं

१९४० पासून रुपयातली चांदी शेकडा ५० वर आणली गेली. बाकी तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. युद्धाचा काळ होता. म्हणून सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयांवर हिरवट थर जास्त दिसतो, तो तांब्याचा. चिकट हिरवं असेल तर प्लास्टिकचं, ॲसिटोनने जातं. कडक, खडबडीत हिरवं असेल तर तांब्याचा गंज, तो खरवडला की खाली खड्डा निघतो. ते कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. १९४७ चा रुपया चांदीचा नाहीच, तो निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटतो.

शेतात नांगराच्या फाळाला लागलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी. मातीतल्या क्षारांनी त्याच्यावर मेणासारखा करडा-जांभळट थर चढतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा, आणि त्याच्या आत पुष्कळदा चांदी ठिसूळ झालेली असते. असं नाणं वाकवलं तर मोडतं. आपल्या भागात जुनी हातघडीची नाणी निघू शकतात. बेळगावला मुघल अमदानीत आझमनगर नाव होतं, आणि आझमनगर-गोकाक नावाच्या टांकसाळीचे मराठा काळातले रुपये संग्राहकांना माहीत आहेत. या रुपयांवर मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असतो, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा एखादाच तुकडा उमटतो. सराफांनी पारखताना मारलेले छोटे ठोकेही त्यावर असतात, ते डाग नव्हेत. टांकसाळीचं नाव एका अर्धवट अक्षरावरून ठरतं, तेव्हा तिथे नख सुद्धा लावू नये. आणि जमिनीत पुरलेलं सापडलं तर ते कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तहसीलदार किंवा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी कळवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं, ते नातेवाइकांबरोबर परदेशी पाठवता येत नाही.

ठेवायचं कसं?

मऊ, वासाची प्लास्टिक पाकिटं टाळा. ती पीव्हीसीची असतात आणि काही वर्षांनी आम्लासकट हिरवी चिकटी सोडतात. पॉलिस्टरची, कडक, बिनवासाची पाकिटं किंवा नाण्याच्या मापाच्या पारदर्शक डब्या घ्या. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दर पावसाळ्यात बदला. शालीत, स्वेटरमध्ये, रबरबँड लावून ठेवू नका. बघताना कडेने धरा, बोटाच्या ठशातला घाम वर्षभराने कायमचा उमटतो.

आधीच घासलं असेल तर?

आता आणखी काही करू नका. अंड्याच्या बलकाजवळ किंवा गंधकाच्या धुरीवर ठेवून पुन्हा रंग आणायचे प्रकार चालतात, ते अनुभवी नजरेला ओळखू येतात आणि मग फसवणुकीचा शिक्का बसतो. पाकिटात ठेवा, हवेने चढेल तो रंग चढू द्या. पाच-दहा वर्षांत चरे थोडे झाकले जातात. आणि मोडीत घालण्याआधी साल मात्र वाचा. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया फार कमी सापडतो, तो घासलेला असला तरी त्याला काट्यावरच्या भावापेक्षा खूप जास्त पैसे मिळतात. म्हणूनच त्याची नक्कलही होते, तेव्हा वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ भरतंय का ते आधी बघा.